आधीच लिहून ठेवलेला हिवाळा

तीर्थस्वरूप ताईच्या सेवेशी,

धाकट्या भावाचा नमस्कार. (एकाच हाताचा समज. दुसऱ्या हाताच्या दोन बोटांना बँडेज आहे, त्याचं कारण पुढे येईल.) तुझा गुडघा आता कसा आहे? जिना चढताना दुखतो की उतरताना, हे मागच्या वेळी विचारायचं राहिलं. दाजींचा खोकला गेला, की अजून ते सकाळी किती वेळा खोकले याचा हिशेब भेटेल त्याला सांगतात? तुझ्या गॅलरीतल्या मांजरीला पिल्लं झाल्याचं भाचीकडून कळलं. तुझ्याकडून काहीच कळत नाही, कारण तू फोन करतेस तो मी ऑफिसात असताना, आणि तोही "मुलं बरी आहेत ना?" एवढं विचारून ठेवून देण्यासाठी. मुलं बरी आहेत. आम्ही सगळेच बरे आहोत.

एक गोष्ट आधीच सांगून टाकतो, म्हणजे तुझा गैरसमज नको. हे पत्र मी तुला बोलावण्यासाठी लिहीत नाही. बोलावण्याची माझी प्राज्ञा नाही. तीन वर्षांपूर्वी तुझ्या भावजयीने स्वतःच्या हाताने शिवलेली, निळ्या कापडाच्या पुठ्ठ्याची वही तुला दिली, आणि सहा महिन्यांनी आम्ही तुझ्याकडे आलो तेव्हा ती तुझ्या शिवणयंत्राच्या आखूड पायाखाली सापडली. ही म्हणाली, तीन आठवडे लागले होते मला ती करायला. तू म्हणालीस, म्हणूनच तर इतकी मजबूत झालीय, यंत्र आता तसूभर हलत नाही. तू कौतुकच करत होतीस, हे मला तेव्हाच कळलं होतं. पण ते मोठ्याने सांगायची वेळ आली तेव्हा मी पायपुसण्याकडे बघत उभा राहिलो. तेव्हापासून तू म्हणतेस, बोलावलं तर येईन. ही म्हणते, सख्ख्या भावाचं घर आहे, बोलावणं कसलं पाठवायचं? दोघींचंही बरोबर आहे, आणि त्यामुळेच तीन वर्षं झाली तरी तू या घराचा उंबरा ओलांडलेला नाहीस. असो. मी तो विषय काढत नाही.

तर या तीन वर्षांत आमच्या घराचा कारखाना झाला आहे. घरातलं कुठलंही जाड पुस्तक उघड, त्यातून एक वाळलेलं पान मांडीवर पडतं. फ्रिजमध्ये दह्याच्या भांड्याशेजारी तसंच एक खळीचं भांडं असतं. (अनुभवाने सांगतो, पहिला घास घेईपर्यंत फरक कळत नाही.) स्वयंपाकघराच्या खिडकीत संत्र्याच्या वाळलेल्या चकत्यांची माळ लटकते. येणारे-जाणारे तिचं कौतुक करतात. मी एकदा भूक लागली म्हणून त्यातल्या दोन चकत्या खाल्ल्या, आणि त्यांना वार्निश लावलेलं आहे ही माहिती मला धाकटीने नंतर दिली. पण या सगळ्याचा मुकुटमणी म्हणजे ऋतूची वही. दर ऋतूला ही घरातल्या चौघांना कोरे कागद वाटते, वर तारखा घातलेल्या, एका दिवसाला एक पान. ज्याने त्याने रोज आपल्या पानावर काहीतरी लिहायचं, चिकटवायचं, चितारायचं. ऋतू संपला की ही सगळे कागद गोळा करून, घडी घालून, दाभणाने भोकं पाडून, मेण लावलेल्या दोऱ्याने शिवते. एक पुठ्ठा, एक पाठ, एक वही. शिवून होईपर्यंत कुणी कुणाचं वाचायचं नाही, असा कडक नियम आहे.

आता माझी नोकरी तुला ठाऊक आहे. सार्वजनिक बागांची देखरेख करणारं आमचं ऑफिस. दर महिन्याचा अहवाल आम्ही महिन्याच्या एक तारखेलाच लिहून ठेवतो. "सर्व बाके जागेवर. कारंजे बंद. गवत वाढले, कापले." बाकं जातात कुठे? कारंजं तर मी नोकरीला लागलो तेव्हापासून बंद आहे. गवत वाढतंच आणि कापलंच जातं. वीस वर्षांत आमचा अहवाल एकदाही चुकलेला नाही. तेव्हा हिवाळ्याच्या वहीचे नव्वद कागद हातात पडल्यावर मला वाटलं, आपलं आयुष्य काही कारंज्यापेक्षा फार वेगळं नाही. एका निवांत दुपारी, साहेब बाहेर गेले असताना, मी अख्खा हिवाळा लिहून काढला. पहिले पंधरा-वीस दिवस छान गेले. नंतर सुचेना, तेव्हा हात सैल सोडला. "आज पहाटे उठून तळ्याला दोन फेऱ्या मारल्या." "आज गळका नळ स्वतः दुरुस्त केला." "आज अक्कलदाढ काढली, मुळीच दुखलं नाही." जागा भरायची म्हणून माणूस काय वाटेल ते लिहितो, ताई.

एरवी हे खपून गेलं असतं. पण यंदा ही कुठूनशी नवी शिलाई शिकून आली, आणि ऋतू संपायची वाट बघवेना म्हणून अर्ध्या हिवाळ्यातच सगळ्यांचे कागद मागून घेतले. आधी शिवून टाकू, उरलेली पानं शिवलेल्या वहीत लिहा, असा हुकूम निघाला. पानं तारखेप्रमाणे लावताना काय दिसायचं ते दिसलं. तिघांचे पंचेचाळीस दिवस लिहिलेले आणि पुढचे कोरे. माझे मात्र पुढचेही काठोकाठ भरलेले. मला वाटलं होतं, आता आभाळ कोसळणार. तसं काही झालं नाही. ही फक्त म्हणाली, आधी लिहिणं म्हणजे निव्वळ लबाडी, आणि मग शांतपणे दोऱ्याला मेण लावत बसली. तुला तर माहीतच आहे, ही ओरडली की मला बरं वाटतं. ही शांत झाली की मी न सांगता भांडी घासायला घेतो.

दुसऱ्या दिवशी सकाळी वही जेवणाच्या टेबलावर उभी होती आणि निकालही तयार होता. पानं शिवली गेली, आता फाडता येत नाहीत. तेव्हा लिहिलं ते खोटं राहू नये याची जबाबदारी लिहिणाऱ्याची. रोज चहाच्या वेळी धाकटीने बाबांचं आजचं पान मोठ्याने वाचायचं, आणि संध्याकाळपर्यंत बाबांनी ते खरं करून दाखवायचं. धाकटी नऊ वर्षांची आहे, आणि तिने हे काम असं अंगावर घेतलंय की आमचे साहेब तिच्यापुढे काहीच नाहीत. पहिल्याच सकाळी ती खणखणीत आवाजात म्हणाली, "बाबा, आज तुम्ही तळ्याला दोन फेऱ्या मारल्या!" आणि माझे बूट आणून समोर ठेवले. दुसऱ्या फेरीच्या शेवटी मी ज्या बाकावर आडवा झालो, ते बाक आमच्याच खात्याचं होतं आणि त्याची एक फळी गायब होती. अहवालात ते वीस वर्षं सुस्थितीत आहे.

नळाचं तर विचारूच नकोस. तो मुळात गळतच नव्हता. पण दुरुस्त केला असं लिहिलेलं, म्हणजे आधी तो बिघडायला हवा, असा थोरल्याने मुद्दा काढला. (हा मुलगा वकील होणार किंवा माझा जीव घेणार, दोन्हींपैकी एक नक्की.) मी पाना लावून जरासा सैल केला. जरासाच. नळ माझ्या हातात आला आणि पाणी छताला लागलं. प्लंबर येईपर्यंत थोरला, धाकटी आणि मी आळीपाळीने भोकावर अंगठा धरून उभे होतो, आणि ही पंख्याखाली आपले ओले कागद वाळत घालत होती. दाढेच्या दिवशी मी मुकाट्याने दातांच्या डॉक्टरांकडे गेलो आणि अक्कलदाढ काढा म्हणालो. त्यांनी आरसा घालून बराच वेळ पाहिलं आणि विचारलं, कोणती? मी म्हणालो, तुम्हीच निवडा. चांगली दाढ काढायला त्यांनी साफ नकार दिला, पण तोंड उघडलंच आहे तर म्हणून बघता बघता मागच्या बाजूला एक किडलेली सापडली. ती काढली. "मुळीच दुखलं नाही" हे वाक्य खरं करण्यासाठी मी घरी येईपर्यंत सगळ्या रस्त्याने हसत आलो. लोक बाजूला होऊन वाट देत होते.

"आज सगळ्यांनी मिळून मेणबत्त्या केल्या" या पानाने मात्र माझी बोटं घेतली. उरलंसुरलं मेण वितळवून जुन्या कपांत ओतायचं, एवढंच काम. वातीची दोरी सरळ उभी राहावी म्हणून मी ती दोन बोटांत धरून ठेवली आणि ओतणाऱ्याला म्हणालो, ओत. ओतणारा थोरला होता. पण ताई, त्या दिवशी संध्याकाळी अकरा वाकड्या मेणबत्त्या टेबलावर लावून आम्ही चौघं जेवलो, माझी बोटं पाण्याच्या पेल्यात, आणि कुणालाही उठावंसं वाटत नव्हतं. ते पान लिहिताना मला असं काही सुचलंही नव्हतं. मी तर फक्त जागा भरली होती.

आणि एकदा "खालच्या मजल्यावरच्या काकांशी तासभर गप्पा झाल्या" असं पान निघालं. आमच्या कुंड्यांचं पाणी त्यांच्या कपड्यांवर पडतं म्हणून दोन वर्षं आमच्यात बोलणं नव्हतं. मी त्यांच्या दारात उभा राहून सरळ सांगितलं की काका, माझ्या वहीत असं असं लिहिलेलं आहे आणि माझी मुलगी जिन्यात घड्याळ घेऊन बसलीय. त्यांनी खुर्ची सरकवली. तासाचे अडीच तास झाले. कुंड्यांचा विषय त्यांनीही काढला नाही आणि मीही काढला नाही. वर आलो तेव्हा मला उगाचच तुझी फार आठवण आली. मला दरडावणारे या घरात तसे सगळेच आहेत, पण तू दरडावलंस की मला मी लहान असल्यासारखं वाटतं, आणि या वयात ते वाटायची सोय दुसरीकडे कुठेच नाही. हे वाक्य लिहून गेलो आहे, खोडत नाही.

तर असा आमचा हिवाळा. आता वहीची अगदी शेवटची पानं उरली आहेत. मी चार किलो उतरलोय, एक दाढ कमी झालीय आणि ऑफिसात त्या बाकाला नवी फळी बसवून घेतलीय. (साहेबांनी विचारलं, अचानक काय झालं? मी म्हणालो, घरून दबाव आहे.) बाकी लिहिण्यासारखं विशेष काही नाही. मला तुझ्याकडून काहीही नको. गुडघ्याला जप, दाजींना सांभाळ, पिल्लांपैकी एखादं वाटून टाकायचं असेल तर आमचं नाव मुळीच घेऊ नकोस, धाकटी ऐकायची नाही. मोठ्यांना नमस्कार, छोट्यांना लाड.

तुझा,
आज्ञाधारक (नाइलाजाने) भाऊ

ता. क. : एक सांगायचं राहिलं. वहीतलं शेवटचं पान या महिन्याच्या शेवटच्या रविवारचं आहे. त्यावर लिहिलंय की आज ताई आली. आता माझा काय नाइलाज आहे बघ. नळ मी बिघडवू शकतो, दाढ काढून घेऊ शकतो, पण तुला आणणं माझ्या एकट्याच्या हातात नाही. आजवर एकही पान खोटं राहिलेलं नाही. तेव्हा हे बोलावणं नव्हे, वहीची अडचण समज. सकाळची बस साडेदहाला पोचते. मी स्टँडवर असेन.

ता. क. २ : वरचा ता. क. लिहून पाकीट चिकटवलं होतं, पण मग राहवेना म्हणून फोडलं. या पत्रात एवढी एक गोष्ट खोटी आहे. ते पान मी लिहिलेलं नाही. माझ्याने एकोणनव्वद दिवसच झाले होते, तेवढ्यात साहेब आले. नव्वदावं पान कोरं राहिलं ते राहिलंच, आणि वही शिवली तेव्हाही ते कोरंच होतं. काल सहज उलटून बघितलं तर त्यावर मजकूर होता. माझ्याच पेनाने, माझ्यासारखं तिरकं अक्षर काढायचा प्रयत्न करून लिहिलेला. मी पाहिलं हे हिला माहीत नाही आणि तूही सांगू नकोस. मजकूर जसाच्या तसा उतरवून देतो, मग तू ठरव :

"आज वन्सं आल्या. आल्या आल्या गुडघा धरून बसल्या, म्हणून मी आधी तेल गरम केलं, मग बोलले. जेवताना जुना विषय निघाला. त्यांनी काढला का मी, ते आठवत नाही. थोडं भांडण झालं. संध्याकाळी निघते म्हणाल्या. मी पिशवी लपवून ठेवली. राहिल्या."