सत्यभामाबाईंचे प्रश्न

मेहकर, जून १९६४

सौ. अनसूयेस मेहकरहून कडूबाचे मनभर आशीर्वाद.

मी खुशाल आहे. जेवण वेळेवर होतं, खोकलाही बराच कमी आहे. आईचे गुडघे कसे आहेत? गाय व्याली का?

माझ्या शिकवणीतली शेवंता इंग्रजीसकट मॅट्रिक पास झाली! मागे लिहिलं होतं ना, इंग्रजीतच दोनदा नापास झालेली ती सून. यंदाही राहिली असती, तर सासरे तिची पुस्तकं माळ्यावर टाकणार होते आणि तिचं मास्तरीण होणं कायमचं राहिलं असतं.

व्याकरण तिला यायचं, उतारा खडाखडा वाचायची. पण त्यावर प्रश्न विचारला की गप्प. सासू सत्यभामाबाई तिच्या सोबतीला यायच्या आणि दाराशी वाती वळत बसायच्या. एकदा मी म्हटलं, "शेवंता, हा उतारा सासूबाईंना आपल्या बोलीत सांग."

ती सांगू लागली, तशा बाई मधेच म्हणाल्या, "थांब वं. म्हाताऱ्यानं बैल इकला काऊन?"

शेवंता पुस्तकात डोकावली. "पोरीच्या औषधासाठी, आत्याबाई."

"मंग पोरगी वाचली का?"

पुन्हा पुस्तक! परीक्षेत तरी दुसरं काय विचारतात? त्या दिवसापासून बाईंच्या वाती घरीच राहिल्या आणि त्या रोज शेवंतापुढे बसून प्रश्न विचारू लागल्या. काल पेढे घेऊन आल्या आणि म्हणाल्या, "मास्तर, पास कोन झालं थे सांगा!"

हे पत्र आपला गोपाळ तुला वाचून दाखवेल. मी काही वाचून दाखवताना तू ओळीओळीला प्रश्न विचारून टोकायचीस म्हणून मी चिडायचो ना? आता त्याला खुशाल टोक. पुढच्या साली त्यालाही इंग्रजी आहे.

आईला नमस्कार सांग.

तुझा,
कडूबा