त्रेचाळीस अंगठे

१० नोव्हेंबर, सोमवार
आज काय झाले:
१. दहावी ब साठी विज्ञानाचा व्हॉट्सॲप ग्रुप सुरू केला. विद्यार्थी ४४.
२. बरेचसे फोन पालकांचे आहेत. चालेल.
३. नियम सांगितला: वर्गात मधेच शंका विचारायची नाही, ग्रुपवर टाकायची. समजले की अंगठा द्यायचा.
४. केनी म्हणाला, "टीचर, नाही समजलं तर कुठलं बोट?" वर्ग हसला. मी पुढे गेले.
५. संध्याकाळपर्यंत शंका शून्य.

माझी नेमणूक डिसेंबरअखेर संपते. याच महिन्याच्या २८ तारखेला मुख्याध्यापिका फेलिशिया टीचर मागच्या बाकावर बसून माझा तास पाहतील, मग पुढचे ठरेल. काळजी नाही. मी चार वर्षे कंपनीत सर्व्हर सांभाळले आहेत. सर्व्हरची तक्रार येत नसेल तर तो ठीक असतो.

१२ नोव्हेंबर, बुधवार, सायं. ६.४०
उजव्या हाताच्या अंगठ्याचा नियम पाठवला. सहा पाने, आकृत्या दोन, तळटीप एक. वाचायला अकरा मिनिटे लागतात. नऊ मिनिटांत ४३ अंगठे आले. केनीचा चार सेकंदांत. मुलगा दिसतो त्यापेक्षा हुशार आहे.
९७.७ टक्के आकलन. उरलेली एक: मर्लिन, भुईगाव, तिसरा बाक. लक्ष ठेवणे.

१७ नोव्हेंबर, सोमवार
स्टाफरूममध्ये मराठीच्या वसुंधरा टीचर म्हणाल्या, "अगं ज्ञानदा, मुलांच्या तोंडाकडे बघ जरा. सारखं मोबाइलमध्ये काय बघतेस?" तोंडे मोजता येत नाहीत, असे मी सांगितले. त्यांनी डबा पुढे केला. जेवले आहे म्हणाले. जेवले नव्हते. मुद्दा तो नाही.
मर्लिनचा अंगठा सलग चौथ्यांदा नाही. तिच्या आईला बोलावले.

१९ नोव्हेंबर, बुधवार
मर्लिनची आई, जीनाताई, स्कूटरवरून आल्या. हेल्मेट काढायच्या आधीच सुरू झाल्या. "काय सांगू टीचर, रोज संध्याकाळी माझा जुना फोन घेऊन विहिरीवर बसते नि एकटीच बडबडते. विचारलं तर म्हणते, सायन्स आहे. सायन्स असं बडबडतात काय?"
मी म्हणाले, नाही. फोन दोन आठवडे कपाटात ठेवायला सांगितले.
"बरं झालं टीचर तुम्हीच बोललात. माझं ऐकते कुठं ती!"
मर्लिन शेजारीच उभी होती. काही बोलली नाही. म्हणजे तिला पटले.

२४ नोव्हेंबर, सोमवार
फ्लेमिंगचा डाव्या हाताचा नियम पाठवला. आठ पाने. अंगठे ४३.
तास संपल्यावर केनी टेबलापाशी आला. "टीचर, आता आम्ही काय करायचं?" चौथे पान बघ, म्हणाले. तो गेला. मुले स्वतःहून पुढचे विचारू लागली आहेत. पद्धत रुळली.
शुक्रवारची तयारी पूर्ण.

२८ नोव्हेंबर, शुक्रवार
फेलिशिया टीचर आल्या. म्हणाल्या, "फोन, प्रोजेक्टर सगळं बाजूला. अंगठ्याचा नियम कोण सांगतं?"
बरेच हात वर झाले. एवढे हात मी या वर्गात पाहिलेले नाहीत. श्रीरंग उठला. "टीचर, विहिरीतून कळशी ओढताना दोर धरतो ना, तसं. अंगठा वर. कळशी येते तिकडं विद्युतधारा. दोराभोवती बोटं वळली ते चुंबकीय क्षेत्र." सगळ्या वर्गाने हवेत दोर धरून दाखवला.
माझ्या सहा पानांत कळशी नाही.
"किती सोपं केलंत, ज्ञानदा टीचर! हे सुचलं कुठून?"
मी म्हणाले, "अनुभवातून."
मग त्यांनी फ्लेमिंगचा नियम विचारला. एकही हात नाही. केनी खालमानेने पुटपुटला, "तो मर्लिनचा फोन गेल्यानंतरचा आहे."
फेलिशिया टीचरांना ते ऐकू गेले नसावे. जाताना म्हणाल्या, गुरुवारी, ४ तारखेला, पालकसभेत कळशीचे हे प्रात्यक्षिक तुम्हीच करून दाखवा, तुमच्या नेमणुकीचे त्यानंतर बघू.
मधल्या सुट्टीत केनीकडे चौकशी केली. मुलांचा दुसरा ग्रुप आहे. नाव: "टीचरना काय म्हणायचंय". सदस्य ४४. मी नाही. माझे प्रत्येक पान तिथे जाते आणि खाली मर्लिन ते व्हॉइस मेसेजमध्ये बोलून समजावते. दोन-तीन मिनिटे, मागे पाण्याचा आवाज. असे पाच मेसेज ऐकले. मधे एकदा आईची हाक येते, ती "आले गं" म्हणते आणि सोडले तिथूनच पुढे सुरू करते. शेवटचे १८ तारखेचे आहे.
त्या ग्रुपवरच्या शंका मोजल्या. दोनशे बारा.

३० नोव्हेंबर, रविवार
फुलपाड्यात माझ्या इमारतीला विहीर नाही. बालदीला ओढणी बांधून गॅलरीतून ओढून पाहिली. अंगठा प्रत्येक वेळी खाली येतो. तीनदा केले. चौथ्यांदा खालच्या मजल्यावरच्या बाई म्हणाल्या, "अहो, पाणी आलं नाही का तुमच्याकडे?" बालदी आत घेतली.

दुपारी १२.१५ ला पुढील संदेश पाठवला. प्रत येथे ठेवत आहे.

"नमस्कार जीनाताई. मर्लिनचा फोन तिला आजच परत द्यावा. ती विज्ञानच शिकवत होती. मी चौकशी न करता सल्ला दिला, ती माझी चूक. गुरुवारच्या सभेत कळशीचे उदाहरण तिचे आहे असे सांगायचे आहे, त्याला तिची हरकत आहे का ते विचारावे. शिवाय दोर नेमका कसा धरायचा हे मला समजलेले नाही. ती दाखवणार असेल तर मी भुईगावला येईन, तिला सोयीचे असेल तेव्हा. कृपया बुधवार, ३ डिसेंबरपर्यंत उत्तर द्यावे. – ज्ञानदा"