ओठांवरची दोन वर्तुळं

सर, परवा मला तुमचा राग आला. तुम्ही जाऊन इतकी वर्षं झाली की आता तुमच्यावर रागावणं शोभत नाही, हे मला कळतं. पण आला, त्याला काय करू? बँडची तालीम होती, मैदानावर धुकं होतं, आणि मी रांगेतून चालत एकेकीची टोपी, बटणं, बुटांच्या नाड्या तपासत होते, तुम्ही तपासायचात तशीच. हो, शाळेचा बँड आता माझ्याकडे आहे. शिकवते गणित, पण बँड घ्यायला दुसरं कुणी तयार होईना तेव्हा तो माझ्या गळ्यात पडला, आणि खरं सांगायचं तर मीही फारसे आढेवेढे घेतले नाहीत. तर शेवटच्या रांगेत अकरावीतली एक मुलगी युफोनियमचा तो मोठा पितळी बाजा कवटाळून उभी होती. सांवेरहून रोज बसने येते. दिवाळीपर्यंत ती माझी पहिली ट्रम्पेट होती. दिवाळीनंतर मी तिला युफोनियमवर घातलं आणि सव्वीस जानेवारी होईपर्यंत ट्रम्पेटला हात लावायचा नाही असं बजावलं. शब्दसुद्धा तुमचेच वापरले. तिच्यासमोर आले आणि थांबले. तिच्या ओठांभोवती मोठं लाल वर्तुळ होतं, नाकाखालून हनुवटीपर्यंत. ते युफोनियमचं. आणि त्याच्या आत, जुन्या रुपयाएवढं, दुसरं. ते ट्रम्पेटचं होतं आणि ताजं होतं.

इतकं स्पष्ट दिसतं, सर? आंधळ्यालाही दिसेल इतकं? मी अठ्ठावीस वर्षं समजत होते की तुम्हाला काही कळलं नव्हतं.

तुम्ही मला मागे पाठवलंत तो दिवस मला आजही जसाच्या तसा आठवतो. बँडच्या खोलीत सियागंजातून आणलेल्या शिलाई मशीनच्या तेलाचा वास, कारण बाजाच्या बटणांना आपण तेच घालायचो. तुम्ही टेबलावर युफोनियम ठेवलात आणि सगळ्यांसमोर म्हणालात, "उद्यापासून हा तुझा." मला वाटलं थट्टा करताय. दोन वर्षं मी पहिल्या रांगेत, झेंड्याच्या मागोमाग चालत होते. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना उभे लोक आधी मला बघायचे. आणि आता हे धूड कडेवर घेऊन शेवटच्या रांगेत, ढोलाच्या शेजारी! बोटं तीच, बटणं तीनच, पण ओठांचं सगळं उलट. मी विचारलं, माझं काय चुकलं? तुम्ही म्हणालात, "चुकलं काही नाही गं. पुढे उभं राहायला दम लागतो, वो तो सबके पास है. इथे कान लागतो. तो तुझ्याकडे आहे." मला ती समजूत घालणं वाटलं. घरी येऊन मी जेवले नाही. आईला वेगळीच काळजी. ती मला उजेडात उभी करून म्हणाली, "आधी रुपयाएवढा डाग होता, आता बशीएवढा. उद्या पाहुणे आले तर काय सांगू, मुलगी बाजा वाजवते?" मी तिच्यावरच खेकसले.

रविवारी तुम्ही मला घरी बोलवायचात आणि स्वयंपाकघरात बसवायचात. म्हणायचात, खोली लहान आहे, आवाज लगेच परत येतो, खोटं चालत नाही. काकू ओट्याशी कणकेचे बाफले उकडत असायच्या आणि मी पाटावर बसून बाजातून काढलेला नुसता माउथपीस फुंकत असायचे. आवाज येई तो म्हशीचा. काकू पदर तोंडाला लावून हसायच्या आणि मी आणखी चिडायचे. एकदा तुम्ही माझ्यापुढे बशीत गरम चहा ओतून ठेवलात. "ट्रम्पेट म्हणजे चुलीची फुंकणी. बारीक हवा, जोरात. हे तसं नाही. हा चहा निववून दाखव. वाफ वळली पाहिजे, पण चहावर लहर उठायला नको. जल्दी मत कर, सबर ठेव." मी फुंकलं आणि चहा बशीबाहेर, तुमच्या मांडीवर. तुम्ही धोतराचा तेवढा भाग झटकलात आणि पुन्हा चहा ओतलात. चौथ्या रविवारी लहर उठली नाही. त्याच दिवशी तुम्ही शिकवलंत की सूर फाटायला लागला तर ओठ आवळायचे नाहीत, पोटातून हवा वाढवायची, सूर आपोआप सावरतो. त्या स्वयंपाकघरात माझ्या युफोनियममधून पहिल्यांदा माणसासारखा आवाज आला. काकूंनी गॅस बारीक केला आणि ऐकत उभ्या राहिल्या. मला तो आवाज आवडला, सर. हे मी तेव्हा कुणालाही सांगितलं नसतं, स्वतःलाही नाही.

कारण ट्रम्पेट माझ्याकडून सुटला नव्हता. बाजा शाळेचा आणि माउथपीस ज्याचा त्याचा, ही आपली रीत. बाजा मी परत केला होता, पण बाबांनी घेऊन दिलेला ट्रम्पेटचा माउथपीस माझ्या स्वेटरच्या खिशात असायचा. मधल्या सुट्टीत, तुम्ही चहाला गेलात की, मी कपाटातला एक ट्रम्पेट काढून जिन्याखाली फुंकून घ्यायचे. आधी पाच मिनिटं, मग दहा. तुम्ही मला सांगितलं होतं की ओठ नवीन सवय शिकत असताना जुनी मधे आणली की दोन्ही जातात. मला वाटायचं, हे म्हाताऱ्या लोकांचे नियम.

आणि मग सव्वीस जानेवारीची ती सकाळ. परेडचं मैदान, हात बधिर करणारी थंडी, टेम्पोतून उतरवून गवतावर ठेवलेले बाजे. सलामीच्या सुरावटीत मधे एक जागा होती, जिथे सगळे थांबतात आणि एकटा युफोनियम गातो. एरवी कोण बघतं शेवटच्या रांगेकडे? पण त्या चार ओळींपुरतं सगळं मैदान माझं होणार होतं. तुम्ही तीन महिने त्या चार ओळींसाठीच खपला होतात. मोठ्या मॅडम तुमच्यावर आधीच नाराज होत्या, तुम्ही जुन्या पद्धतीचे म्हणून. तुमची नोकरी कच्ची होती, दर सत्राला नवा कागद. हे मला सगळं ठाऊक होतं. तरीही मी ढिगातला एक ट्रम्पेट उचलला आणि पाण्याच्या टँकरमागे जाऊन अर्धा तास वरचे सूर वाजवले. ओठ चुरचुरायला लागले तेव्हा थांबले. रांगेत परत आले तर तुम्ही तपासणी सुरू केली होती.

तुम्ही माझ्यासमोर थांबलात. मग माझ्या युफोनियमच्या माउथपीसला बोट लावलंत. तो गार पडला होता, कारण बाकी सगळ्यांनी आपापले मुठीत धरून गरम ठेवले होते आणि माझी मूठ दुसरीकडे गुंतली होती. तुम्ही एवढंच म्हणालात, "थंडी आहे. मुठीत धरायचा असतो." आणि कोटाच्या खिशातून तुमचा स्वतःचा काढलात, तुमच्या आजोबांचा, ज्यांनी तो संस्थानच्या बँडात वाजवला होता. एका बाजूचा चांदीचा मुलामा उडून पितळ दिसत होतं. तो जरा सैल बसायचा म्हणून तुम्ही कागदाची पट्टी गुंडाळलीत, बाजात बसवलात, आणि पुढे निघून गेलात. माझ्या ओठांना तो लागला तेव्हा तो तुमच्या हाताइतका गरम होता.

पुढचं तुम्हाला माहीत आहे. सगळे थांबले. मी सुरू केलं. पहिले दोन सूर आले, तिसरा फाटला, आणि मग काहीच नाही. मंचावरचे पाहुणे वळून बघताहेत. माझ्यासमोर तुमची छडी हवेत, आणि तुम्ही ती खाली आणली नाहीत, हळूच ट्रम्पेटांकडे वळवलीत. त्यांनी कशीबशी ओळ उचलली, एक जण आधी, एक जण नंतर. प्रेक्षकांतून कुणीतरी हसलं.

दुसऱ्या दिवशी मोठ्या मॅडमच्या खोलीत आपण दोघं उभे. त्यांनी मला विचारलं, "क्या हुआ था?" मी म्हणाले, "ठंड थी, मैडम." तुम्ही लगेच म्हणालात, "ठंड नहीं, मैडम. गलती मेरी है. बच्ची को तीन महीने में दूसरा बाजा थमा दिया. होंठ बनने में साल लगता है." मला सुटल्यासारखं वाटलं, सर. लाज वाटायला हवी होती, पण सुटल्यासारखं वाटलं. नव्या सत्राचा कागद तुम्हाला मिळाला नाही. जुलैत नवे सर आले. त्यांनी महिन्याभरात मला ट्रम्पेट दिला, पहिल्या रांगेत.

त्यानंतर तुम्ही मला एकदाच भेटलात, बसस्टँडवर. देपालपूरच्या कुठल्याशा शाळेत ढोल आणि बासरी शिकवायला जात होतात, रोज एवढ्या लांब, त्या वयात. मी कॉलेजात होते. माझ्यासोबत मैत्रिणी होत्या, आणि मनात आलं होतं की बघितलं नाही असं करावं. पण तुम्हीच हात केलात. कशी आहेस, काय शिकतेस, असलं काहीच नाही. तुम्ही विचारलंत, "ओठ कसे आहेत?" मी म्हणाले, "ठीक आहेत, सर." तुम्ही मान हलवलीत आणि बसमध्ये चढलात. खिडकीतून पाहिलंही नाहीत. दोन वर्षांनी तुम्ही गेल्याचं कळलं तेव्हा मी तुमचा माउथपीस परत द्यायला घरी गेले. काकूंनी तो हातातही घेतला नाही. म्हणाल्या, "राहू दे. तुला दिलाय, असं सांगून ठेवलं होतं त्यांनी." त्याच स्वयंपाकघरात बसून मी चहा प्यायले, कपातून.

म्हणून परवा राग आला. तुम्ही बघितलं होतंत. मोठं वर्तुळ, आत लहान वर्तुळ, गार माउथपीस, सगळं. विचारलं का नाहीत? दोन मुस्कटात द्यायच्या होत्या. ट्रम्पेटांना ओळ सांभाळायला सांगायचं होतं, वेळ होता. स्वतःची नोकरी अशी माझ्यासारख्या हट्टी पोरीच्या ओठांवर का सोडलीत? मनातल्या मनात मी तुम्हाला असं फैलावर घेत होते, आणि समोर ती सांवेरची मुलगी खाली मान घालून उभी होती. मी तिला विचारायला तोंड उघडलं. आणि तोंडातून निघालं, "ठंड है. मुट्ठी में रखो." ती म्हणाली, "जी मॅम, सुबह से बहुत ठंड है." आणि मी पुढच्या मुलीकडे गेले.

तेव्हा मला कळलं तुम्ही का विचारलं नव्हतं. विचारलं असतं तर मी खोटं बोलले असते, आणि तुम्हाला ते माझ्या तोंडून ऐकायचं नव्हतं. परवा मलाही नको होतं. एवढंच. मी उगाच त्यात मोठेपणा शोधत होते, तुम्ही फक्त घाबरला होतात, माझ्यासारखेच. आणि हे लक्षात आल्यावर राग गेला आणि तुमची इतकी आठवण आली की उरलेली तालीम मी शिट्टीवरच उरकली.

उद्या परेड आहे. त्याच चार ओळी आहेत. त्या मीच पुन्हा घातल्या, दुसरं काही सुचलं नाही म्हणून नव्हे. उद्या टेम्पोतून बाजे उतरवायच्या आधी मी तिला बाजूला घेऊन विचारणार आहे. खोटं बोलली तर ऐकून घेईन आणि मग माझं सांगेन. ट्रम्पेटांनाही ओळ शिकवून ठेवली आहे, तुम्ही ठेवली नव्हतीत. तुमचा माउथपीस रात्रभर उशीखाली ठेवणार आहे, म्हणजे सकाळी गार नसेल. तिच्या नव्या युफोनियममध्येही तो सैलच बसतो. हे पत्र पाठवायला तुमचा पत्ता नाही, तेव्हा याच्याच समासाची पट्टी फाडून गुंडाळीन.

पण तिला माझं सांगायचं तर आधी तुम्हाला पूर्ण सांगायला हवं. ओठ थकले होते, हे खरं. तिसरा सूर फाटला, तेही खरं. पण माझ्याकडे हवा होती, सर. सावरता आला असता. कसा सावरायचा ते तुम्ही बशीवर शिकवलं होतं आणि ते मला त्या क्षणी आठवलंही होतं. पण मला पहिल्या रांगेतले ट्रम्पेट दिसले, आणि वाटलं, हे एकदा फसलं की सर मला परत पुढे घेतील. मी पोट सैल सोडलं. वर्तुळं तुम्हाला दिसली होती. हे दिसलं नसेल, म्हणून सांगितलं.