कडी पिंकीच काढणार

रवि., ५ जाने. १९९७, सांगली
गटाला सहाजण. शाळेने दुसरीचा वर्ग दिलाय, बाप्ये बाकांत मावत नाहीत. गुडघे हनुवटीला. बरंच आहे, बायकोवर हात उचलणाऱ्यांची निम्मी ऐट तिथेच उतरते.

आज बाळासो बोलला. मिरजेत लेथवर कामाला. शालन पोरीला घेऊन कराडला माहेरी गेली होती, दिवाळीनंतर परत आली ती अट घालून. याने गटाला यायचं, आणि परत एकदा हात उचलला तर ती कायमची जाणार. "हात न्हाई उचलला बाई. पण माझी फटफटी गल्लीत शिरली की पिंकी पलंगाखाली जाती. अजून." आठ वर्षांची पोर. सांगताना रडला. जतचे आप्पा, मेंढरंवाले, त्यांनी पंचा पुढे केला.

मी लगेच सांगून टाकलं, कोपऱ्यावर गाडी बंद करा, ढकलत आणा. आवाजच नको. सगळ्यांना पटलं. मलाही. छान झाला आजचा गट.

रवि., १२ जाने.
बा. खूश. आठवडाभर ढकलत आणली, पोर पलंगाखाली गेली नाही म्हणे. आप्पा: "बाईंचं औषध लय जालीम हाय." मी पण जरा मिरवलंच. बुधवारी शालनला भेटणार. बायकांना एकटं भेटल्याशिवाय मी यांच्या शब्दावर जात नाही.

बुध., १५ जाने.
शालनने चहा दिला, तिळगूळ दिला, मग सुनावलं.

"गाडी बंद करायला तुमी सांगितलं व्हय? आदी आवाज आला की कळायचं तरी. पोरगी लपायची, मी चुलीवरचं उतरून ठेवायची. आता वळून बघावं तर हे दारात उभं! पलंगाखाली जात न्हाई म्हंत्यात. जाईल कशी? तितनं भाईरच येत न्हाई. शाळंतनं आली की थेट आत. असंच ऱ्हायलं तर मी जाते कराडला."

अगं बाई! इतकी वर्षं बायकांत काम केलं आणि सल्ला दिला तो बापाला बरं वाटावं म्हणून. भयंकर राग आला स्वतःचा.

पलंगाशी वाकले. पिंकीला विचारलं, तुला काय हवंय? आतून आवाज आला.

"गाडी वाजवत या म्हणावं. आन् दाराभाईर थांबा. कडी मी काडणार."

कधी?

"मला वाटलं की."

हे तिला आधी विचारायला काय झालं होतं मला.

रवि., १९ जाने.
गटाला सांगितलं, मी चुकले. आप्पा: "बाई चुकल्या! म्हंजी आमाला बी आशा हाय." हशा. मग पिंकीची अट सांगितली.

बा. लालबुंद. "सोताच्या दारात उभं ऱ्हायचं? गल्ली काय म्हणंल?"

म्हटलं, गल्लीने शालनचं ओरडणं ऐकलंय. तुम्ही थांबलेलंही बघू दे. हाक मारायची नाही, कडी वाजवायची नाही.

"किती वेळ?"

माहीत नाही म्हटलं. खरंच नाही माहीत.

"बरं" म्हणाला, पण गेला चप्पल आपटत. जमेल त्याला. मला खात्री आहे. म्हणजे, बरीचशी...

बुध., २९ जाने.
संध्याकाळी त्यांच्या घरी. रोज थांबतात, शालन म्हणाली. परवा पोरीने दिवेलागणीपर्यंत कडी काढली नाही, तरी शब्द नाही. शालनची कपड्यांची पिशवी भरलेली आहे अजून, दाराआड. ठेवावीच.

तेवढ्यात गल्लीत फटफटी. चांगली फडफडत आली. पिंकी खोलीच्या मधोमध शेंगा फोडत बसलेली. हात थांबले. पलंगाकडे बघितलं. मग पुढची शेंग उचलली.

"पप्पा, थांबा."

बाहेरून: "थांबलोय."

मला बस गाठायची होती. दाराकडे निघाले तर पिंकी म्हणते, "बाई, तुमी परड्यातनं जावा." गेले! काय करते? मागच्या दाराने, पन्नाशीची बाई, साडी सावरत, कोंबड्यांतून.

वळसा घालून पुढे आले. बा. पायरीवर टेकलेला, हात ग्रीसने काळे, डबा मांडीवर. समोरची म्हातारी टक लावून बघतेय.

"काय करतीया ओ बाई?"

"शेंगा फोडतीय."

"लय हायत?"

"पाटीभर."

हसला नाही. डबा बाजूला ठेवला आणि नीट मांडी घालून बसला.