दर्शनीयतेला तीस गुण

४ जानेवारी

शहर विकास अनुदान मंजूर झाल्याचं पत्र आलं. कोणती कामं घ्यायची ती यादी नगरपालिकेतल्या आमच्या विभागाने करायची. दर वर्षी ही यादी दादांच्या बंगल्यावरून येते आणि आम्ही ती टाइप करतो. दादा म्हणजे आमचे आमदार. त्यांना आई सोडून सगळं शहर दादा म्हणतं, आई काहीच म्हणत नाही.

यंदा मी साहेबांना सुचवलं की प्रत्येक कामाला गुण द्यायचे, निकष आधी ठरवायचे आणि पहिली पाच कामं घ्यायची. साहेब बराच वेळ पेनाच्या टोपणाची उघडझाप करत राहिले, मग म्हणाले, करा. बहुधा तेही कंटाळले असावेत.

या नोंदी फक्त माझ्यासाठी. पुढे या पद्धतीवर पेपर लिहायचा झाला तर मुद्दे हाताशी असावेत.

५ जानेवारी

आईने विषय काढलाच. आमच्या गल्लीची ड्रेनेज लाइन जुनी आणि अरुंद आहे. वरच्या मजल्यांवर कपडे धुतले की पाणी तळमजल्यावर काकूंच्या न्हाणीघरातून वर येतं. काकू शाळेचे गणवेश शिवतात. मागच्या वर्षी कापडाला वास येतो म्हणून शाळेने गठ्ठे परत पाठवले. यंदा शाळेने पुन्हा ऑर्डर दिली आहे, पण असंच झालं तर पुढच्या वर्षापासून दुसरा शिंपी बघू, असं सांगून.

आईचं म्हणणं, तू तिथेच आहेस ना, मग सांग की आपल्या गल्लीचं. मी समजावलं की याला हितसंबंध म्हणतात. आई म्हणाली, आम्ही शेजार म्हणतो.

निश्चय: गल्लीच्या बाजूने एक शब्दही बोलायचा नाही. जे बोलायचं ते आकडे बोलतील.

९ जानेवारी

निकष तयार. गरज ६०, लोकसंख्या २५, जुनेपणा १५. एकूण १००. आमची गल्ली पहिली, दुसऱ्या कामाच्या कितीतरी पुढे. दादांच्या बंगल्यासमोरच्या चौकातलं संगीत कारंजं शेवटून पहिलं. मी कोणालाही झुकतं माप दिलेलं नाही. हे दोनदा तपासलं.

जिन्यात काकू भेटल्या. मी एवढंच म्हटलं की काम शास्त्रीय पद्धतीने चाललंय. त्यांनी विचारलं, म्हणजे होणार की नाही? शक्यता बरीच जास्त आहे, असं सांगितलं. त्यांनी लगेच कापडाच्या दुकानाला फोन करून पूर्ण माल मागवला. मी शक्यता म्हटलं होतं. लोक नीट ऐकत नाहीत.

१६ जानेवारी

दादांनी तक्ता पाहिला. आवडला म्हणे. फक्त सगळीकडे गरज, गरज काय लावलंय, शहर आहे की दवाखाना, असं ते साहेबांना म्हणाले. काम झाल्यावर ते डोळ्यांना दिसलं पाहिजे. म्हणून ‘दर्शनीयता’ हा निकष घालावा.

विचार केला. नागरी रचनेत दृश्य परिणामाला महत्त्व असतंच. कॉलेजात आम्हाला त्यावर एक अख्खा पेपर होता. दहा गुण दिले, ते गरजेतून काढले. याला दबाव म्हणता येणार नाही, याला फीडबॅक म्हणतात.

जमिनीखालच्या पाइपला दर्शनीयतेत शून्य मिळतं. साहजिक आहे. तरी गल्ली पहिलीच.

२३ जानेवारी

दर्शनीयता आता तीस. गरजही तीस. मला हा समतोल वाईट वाटत नाही.

गल्ली तिसरी.

३० जानेवारी

आज डोकं उठलं. साहेबांचं म्हणणं, ज्या भागातून तक्रारी जास्त त्याला गुण जास्त, हे चुकीचं आहे. अशाने लोकांना तक्रारीची सवय लागेल. जिथे तक्रारी कमी तिथले नागरिक सहकार्य करतात, तर गुण त्यांना द्या.

मी आलेख काढून दाखवला. तक्रार हे गरजेचं मोजमाप आहे, समाधानाचा अभाव हा प्रशासनाला आरसा आहे, वगैरे. साहेबांनी मध्येच चहा सांगितला, माझ्यासाठीही. चहा संपेपर्यंत ऐकून घेतलं आणि म्हणाले, मॅडम, नाव तुम्हाला हवं ते द्या.

मी ‘नागरी समाधान निर्देशांक’ असं नाव दिलं. वीस गुण, तेही गरजेतूनच. निदान नाव तरी नेमकं आहे.

शहरात सगळ्यात जास्त तक्रारी आमच्या गल्लीच्या आहेत. त्यातल्या बऱ्याच काकूंसाठी मीच लिहून दिलेल्या. मुद्देसूद आहेत, सोबत नकाशाही जोडलेला आहे. त्या प्रत्येक तक्रारीचा गुण वजा झाला.

१ फेब्रुवारी

आईने विचारलं, पाइप कुठवर आला? मी म्हटलं, अजून पाइप आलेला नाही, प्राधान्यक्रम आलाय. आई म्हणाली, मग तोच पुरून टाका.

आईला पद्धत समजावण्यात अर्थ नाही.

८ फेब्रुवारी

नवा निकष: पूर्वतयारी. ज्या कामाची जागा तयार आहे त्याला दहा गुण. कारंज्याचा खड्डा मंजुरीआधीच, डिसेंबरात खणून ठेवलेला आहे. मी विचारलं, मंजुरी नसताना कोणी खणला? साहेब म्हणाले, तेच तर, किती तयारी आहे बघा.

एकूण शंभरच ठेवायचे असल्यामुळे हे दहा गुणही गरजेतूनच काढावे लागले. गरज आता शून्यावर आली आहे. साहेब म्हणाले, मग तो रकाना उडवा ना, उगाच जागा अडवतो. मी स्पष्ट नकार दिला. रकाना राहील. काही बाबतींत तडजोड नाही म्हणजे नाही.

जुनेपणात कारंज्याला पूर्ण गुण मिळाले, कारण चौक शहरातला सर्वांत जुना आहे. निकष मीच लिहिला होता, ‘पाइपलाइनचा’ हा शब्द घालायचा राहून गेला. पुढच्या वेळी लक्षात ठेवायचं.

९ फेब्रुवारी

आता पुरे. रोज कोणी ना कोणी येऊन गुण हलवतं. यावर कायमचा उपाय सुचला आहे. निकष सर्वसाधारण सभेत ठराव करून मंजूर करून घ्यायचे, मग तक्ता लॉक. पासवर्ड फक्त माझ्याकडे, खिडकीजवळच्या माझ्या टेबलाच्या खणात. त्यानंतर एकाही आकड्याला हात लावायचा तर माझ्या सहीचं पत्र लागेल.

साहेबांना हे आवडणार नाही असं वाटलं, म्हणून भांडायच्या तयारीने गेले होते. ते लगेच हो म्हणाले. इतक्या पटकन, की माझे निम्मे मुद्दे वाया गेले.

१५ फेब्रुवारी

ठराव एकमताने मंजूर. दादा स्वतः सभेला आले होते. म्हणाले, आजपासून यात मीसुद्धा बोट घालू शकत नाही, आणि याचं श्रेय आमच्या या तरुण इंजिनियर मॅडमना. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मी उभी राहिले नाही. फक्त मान हलवली.

कारंजं पहिलं. गल्ली चौदावी.

पण मुद्दा तो नाही. या शहराच्या इतिहासात पहिल्यांदाच यादीला कोणी हात लावू शकत नाही.

२ मार्च

सकाळी काकूंकडे पाणी वर आलं. नेहमीपेक्षा जास्त. कापडाचे गठ्ठे फळ्यांवर होते म्हणून वाचले, खालचे दोन गेले. मी, आई आणि समोरच्या मोटर मेकॅनिकने मिळून बाकीचे आमच्या हॉलमध्ये आणले. मशीन जड, ते खालीच राहिलं. विटांवर.

काकू मला काही बोलल्या नाहीत. बोलल्या असत्या तर उत्तर तयार होतं.

जाताना विचारलं, कोणाला भेटावं लागेल गं? मी म्हटलं, कोणालाच नाही काकू. भेटीगाठींनी कामं होणं हेच तर आपण बंद केलंय. त्या हं म्हणाल्या. मग विचारलं, दादा सकाळी कुठे बसतात?

मला माहीत नाही, असं सांगितलं. माहीत आहे.

५ मार्च

काकू दादांना भेटून आल्या. गल्लीतल्या सगळ्या बायका बरोबर. सांगत होत्या, त्यांनी सगळ्यांना खुर्च्या दिल्या, पंखा लावला, हकिगत शेवटपर्यंत ऐकली. त्यांच्या पुतणीचा गणवेश काकूंनीच शिवलेला निघाला. निवडणूक जवळ आली आहे, हे मी काकूंना सांगितलं नाही. दादा म्हणाले, एवढंच ना? आणि तिथूनच आमच्या ऑफिसात फोन लावला.

मी एवढे आठवडे जे शास्त्रीय पद्धतीने करत होते ते खुर्च्या भरायच्या आत झालं. हे चुकीचं आहे. पद्धत म्हणून चुकीचं आहे. लाइन मात्र तांत्रिकदृष्ट्या योग्य आहे, त्यामुळे निष्कर्ष स्वीकारायला हरकत नाही.

काकू जिन्यातून खाली जाताना माझ्या पाठीवर हात ठेवून गेल्या. म्हणाल्या, तुझ्याच ऑफिसात फोन गेला बघ.

६ मार्च

साहेबांनी केबिनमध्ये बोलावलं. गल्लीची लाइन पहिल्या पाचांत घ्यायची, दादांचा शब्द आहे. मी म्हटलं, तक्ता लॉक आहे. त्यांनाही ते माहीत होतं. यादी आज संध्याकाळी वर जाते आणि मग वर्षभर बंद.

त्यांनी मार्ग सांगितला. शुद्धिपत्रक काढायचं. गल्लीचे गुण ८१ होते, टाइप करताना चुकून २१ पडले. खाली माझी सही. एका ओळीचं काम.

मी तक्ता उघडून पुन्हा तपासला. प्रत्येक रकाना. २१ बरोबर आहेत. तसं सांगितलं.

साहेब म्हणाले, बरोबर आहेत हे मलाही माहीत आहे. चुकलेत असं लिहा.

मी म्हटलं, चूक झालेली नसताना झाली असं मी लिहू शकत नाही.

साहेब खुर्चीतून थोडे पुढे आले. “मॅडम, डिसेंबरातल्या त्या बेकायदा खड्ड्याला तुम्ही पूर्वतयारी लिहिलंत. तक्रारींचं समाधान केलंत. आता तुमच्याच गल्लीचं काम आहे, सगळ्यांची इच्छा आहे, अगदी दादांचीसुद्धा. एक आकडा चुकला म्हणायला तुमचं काय जातं?”

मी सांगितलं की ती व्याख्या होती. व्याख्या चर्चेने ठरते, तिच्यात मतभेद असू शकतात. टाइप करताना चूक होणं ही वेगळी गोष्ट आहे. माझ्या तक्त्यात टायपिंगच्या चुका नसतात. शिवाय उद्या कोणीही म्हणेल की माझेही गुण चुकून कमी पडले, मग पद्धतीवर विश्वास कोण ठेवणार?

साहेबांनी घड्याळाकडे पाहिलं. मी व्याख्या आणि चूक यांतला फरक पुन्हा एकदा, उदाहरणांसह सांगितला. तेवढ्यात यादी गेली.

त्यांनी माझ्यासमोरच दादांना फोन लावला. म्हणाले, मॅडम नाही म्हणतात. पलीकडून हसण्याचा आवाज आला. राग आला असता तर मला बरं वाटलं असतं.

६ मार्च, संध्याकाळ

मी तत्त्वावर ठाम राहिले. हे लिहून ठेवलं पाहिजे. ठाम राहिले.

आईला सांगितलं नाही. ती हॉलमध्ये गठ्ठ्यांतलं कापड उलगडून नाकाशी धरून पाहत होती.

७ मार्च

सकाळी काकू वर आल्या. दादांच्या माणसाने त्यांना कळवलं होतं की दादांनी मनापासून हो म्हटलं होतं, पण ऑफिसात अडलं. काकूंना खरं वाटेना. आई चहा गाळत होती. मी चप्पल घालत होते.

काकू म्हणाल्या, “दादा हो म्हणाले, तुझे साहेब हो म्हणाले. मग अडवलं कोणी गं?”

मी म्हटलं, सिस्टिमने. तिच्यात कोणाच्या शब्दाने बदल होत नाही. दादांच्यासुद्धा. हे मी जरा अभिमानानेच म्हटलं असावं, कारण आई गाळणं हातात धरून माझ्याकडे बघत राहिली.

काकूंनी पदर खोचला. त्यांचा चेहरा तसा शांत होता.

“दादांच्या वरची आहे म्हणतेस. मग ही सिस्टिम बसते कुठे? मी उद्या सगळ्या बायकांना घेऊन तिला भेटून येते. बाईमाणूस असली तर ऐकेल.”

मी म्हटलं, दुसऱ्या मजल्यावर. खिडकीजवळच्या टेबलाशी.

ऑफिसात गेल्यावर उद्याची किरकोळ रजा टाकली. कारण: प्रकृती. साहेबांनी न वाचता सही केली.