शिकवणी संपली की येतो

प्रिय भिंगरी,

मेल न करता कुरिअरने पत्र पाठवलं म्हणून बिचकू नकोस. घरात मेलचं खातं एकच, आणि ते रोज सकाळी तुझे बाबा उघडतात. फोनवर बोलावं तर ते शेजारीच कान टवकारून बसलेले. तू दर वेळी विचारतेस, बाबांच्या हृदयाच्या झडपेचं ऑपरेशन सारखं पुढे का जातंय, हॉस्पिटलवाले तारीख का देत नाहीत. ते तुला सांगतात, गर्दी आहे, लागेल आपला नंबर. मीही इतके दिवस तेच खरं धरून चालले होते. तसं नव्हतं गं.

झडप बदलायला हवी असं डॉक्टरीणबाईंनी सांगितलं, त्याच आठवड्यात यांनी मला कॉम्प्युटरसमोर बसवलं. बँक, गॅस, हॉस्पिटल, सगळं आता ब्राउझरमधूनच होतं, तुला हे यायलाच हवं, म्हणाले. मी म्हटलं, तुम्ही आहात की! त्यावर त्यांनी माझ्यासाठी खुर्ची तेवढी पुढे ओढली.

आयुष्यभर लोकांना गाडी शिकवलेला माणूस. ब्राउझरही तसाच शिकवायला लागले. आधी पाठ ताठ. मग चष्मा सारखा करायचा. मग वरची पत्त्याची पट्टी मोठ्याने वाचायची, कारण आपण कुठल्या रस्त्यावर आहोत ते कळल्याशिवाय हात हलवायचा नाही. मागे जायचा बाण दाबायचा तरी आधी मागे काय होतं ते तोंडी सांगावं लागे. शिकवणीच्या गाडीत त्यांच्या पायाशी जास्तीचा ब्रेक असायचा ना, ती सवय काही सुटलेली नाही. मी माउस कुठल्या भलत्या जाहिरातीकडे नेला, की टेबलाखाली त्यांचा पाय फरशीवर कचकन दाबला जायचा. मला असं हसू फुटायचं! पण मी हसले की ते चिडायचे, आणि चिडले की त्यांना धाप लागायची. मग मी हसणं सोडून दिलं.

आता तुला खरं सांगते. मला ते सगळं केव्हाच यायला लागलं होतं. दुपारी त्यांचा डोळा लागला की मी एकटी बसायचे. वाचनालयाचं पान उघडून पुस्तक राखून ठेवलं. तुझ्या ऑफिसचं पान शोधून काढलं, त्यात तुझा फोटो पाहिला. केस एवढे कापलेस, ते आईला सांगायचं नव्हतं होय? ते उठायच्या आत सगळे टॅब बंद करायचे आणि कुठे कुठे जाऊन आले त्याच्या खुणाही पुसून टाकायचे. तो धडा तर त्यांनी अजून घेतलाही नव्हता. सकाळी मात्र मी पुन्हा ढ. एकच पान चारचारदा उघडायचं, जे बंद करायचं ते सोडून दुसरंच बंद करायचं, पासवर्ड नेमका पत्त्याच्या पट्टीत लिहायचा. ते कपाळाला हात लावायचे, आणि पहिल्यापासून सुरू करायचे.

का केलं असं म्हणशील. सुरुवातीलाच एकदा ते दमून म्हणाले होते, एकदा तुला हे सगळं जमलं की मी सुटलो. ते वाक्य माझ्या काळजात जाऊन बसलं. मनाशी म्हटलं, बरे सुटाल! मी जोवर ढ आहे तोवर हा माणूस माझ्या शेजारच्या खुर्चीतून उठायचा नाही. वेडेपणा म्हण हवं तर. पण त्या सकाळी फार चांगल्या जायच्या गं. एवढी वर्षं उजाडलं की ते शिकणाऱ्यांना घेऊन बाहेर पडायचे, आणि मी माझ्या शिवणावर बसायचे. असं खांद्याला खांदा लावून आम्ही कधी बसलोच नव्हतो.

मग गेल्या आठवड्यात हॉस्पिटलमधून फोन आला. बाबा अंघोळीला गेले होते. पलीकडची मुलगी पार वैतागलेली. म्हणाली, तारीख आम्ही देतोच आहोत, पण तुमच्याकडचे साहेब दर वेळी ती पुढे ढकलतात. आणखी उशीर झाला तर हृदयाला ऑपरेशन झेपायचं नाही, असं डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलंय. कारण विचारलं की त्यांचं एकच उत्तर, घरात एक शिकवणी चालू आहे, ती संपली की येतो. तिने मला विचारलं, घरात कोणाची परीक्षा आहे का हो? फोन ठेवला आणि तिथेच फरशीवर बसले. धरून ठेवते, धरून ठेवते म्हणत मीच त्यांना मरणाच्या दारात उभं करत होते. आणि पुढे माझं एकटीचं कुठे अडू नये म्हणून ते स्वतःचा जीव टांगणीला लावून बसले होते. दोघंही दीडशहाणे! एकमेकांना नीट विचारलं असतं तर काय तोंड झिजलं असतं?

डोकं पुसत ते बाहेर आले तेव्हा मी कॉम्प्युटर लावून बसले होते. म्हटलं, बसा इथे. हॉस्पिटलचं पान उघडलं, त्यांचा नंबर घातला, पासवर्ड घातला, मोबाइलवर आलेले आकडे घातले, आणि सगळ्यात जवळची तारीख निवडली. कुठेही अडखळले नाही. शेवटचं बटण दाबायच्या आधी त्यांच्याकडे पाहिलं, तर ते पडद्याकडे बघतच नव्हते, माझ्याकडे बघत होते. मी बटण दाबलं. कधीपासून येतंय, त्यांनी विचारलं. मी म्हटलं, कधीपासूनच. वाटलं, आता भडकणार. पण ते नुसतेच मान हलवत राहिले, आणि मग टॉवेलमध्ये तोंड खुपसलं. मला भीती वाटते गं, म्हणाले. इतक्या वर्षांच्या संसारात हा शब्द त्यांच्या तोंडून मी पहिल्यांदा ऐकला. मी त्यांचा हात धरला.

त्या दिवसापासून ते गप्प गप्प असतात. चिडत नाहीत, टोमणे मारत नाहीत. कपाटं आवरतात, किल्ल्या कुठल्या कुलपाच्या ते मला पुन्हा पुन्हा दाखवतात. हातातलं सगळं काम उरकून बसल्यासारखं वागतात, आणि मला ऑपरेशनपेक्षा त्याचीच जास्त भीती वाटते.

म्हणून हे पत्र. पुढच्या बुधवारी त्यांना दाखल करायचंय, गुरुवारी ऑपरेशन. तिला कळवू नकोस, उगाच धावत येईल, असं मला बजावलंय. तू ये. मंगळवारी सकाळीच ये. आल्यावर गळ्यात पडून रडू नकोस, ते काम माझ्याकडे. तू एवढंच म्हण, बाबा, मला गाडी शिकवा. अख्ख्या गावाला शिकवली आणि पोटच्या पोरीने हट्टाने स्टिअरिंगला हात लावला नाही, हे त्यांना अजून लागतं. शेजाऱ्यांची गाडी मी मागून ठेवलीय. मागच्या मोकळ्या मैदानात एक चक्कर मार, पहिला गिअर, दुसरा गिअर, बास. ऑपरेशनची तारीख मी हलू देणार नाही, ते माझ्यावर सोड. पण रिव्हर्स शिकू नकोस. ते म्हणतील, आत्ताच होऊन जाऊ दे. तू सरळ खाली उतर आणि सांग, ते तुम्ही घरी आल्यावर. आजवर त्यांनी एकाही माणसाला अर्धवट शिकवून सोडलेलं नाही.

वाटेकडे डोळे लावून बसलेली,
तुझीच
आई