तेरा दिवस चाललेला बोलपट

परभणी,
मार्गशीर्ष शुद्ध पंचमी, शके १८६६

चि. कावेरीस अनेक आशीर्वाद.

आम्ही इकडं बरे आहोत. थंडीनं आईचे गुडघे धरलेत, बाकी तब्येत ठीक. यंदा ज्वारी चांगली आहे. नऊ वर्षांनी माझं अक्षर बघून तू कागद फाडला नसशील, तर पुढं वाच.

शाळेतली कारकुनी गेल्यापासून मी इथल्या तंबूतल्या सिनेमात तिकिटं विकतो. लढाईमुळं नवी चित्रं मिळेनात, म्हणून जुनीच गावोगाव फिरवायलेत. दिवाळीनंतर आमच्याकडं एक आलं. तू काम केलेलं. रिळांच्या पेट्यांसोबत कंपनीचे किशनराव आले. चार दिवसांचं ठरलं होतं. बोलपट तेरा दिवस चालला.

मालक गल्ला बघून खूश. किशनराव मात्र रोज माझ्या खिडकीशी येऊन विचारायचे, "दत्तोपंत, नवे किती अन् परत आलेले किती?" म्हणायचे, "जुन्या चित्राला पहिल्या दिवशी गर्दी होतेच हो. तेच माणूस पुन्हा आलं, तर चित्र चाललं म्हणायचं." मी अंदाजानं सांगायचो, चाळीसेक असतील. एका बाईचं मात्र सांगत नव्हतो.

बायकांची खिडकी वेगळी, तिला पडदा. पडद्याखालून नुसता हात येतो. पहिल्याच संध्याकाळी एक हात आला, करंगळी भाजून वाकडी झालेली. मी तिकीट दिलं, मान वर केली नाही. आई घरातून निघताना "कीर्तनाला जाते" म्हणायची. मी "बरं" म्हणायचो. रोज तसंच.

चौथ्या दिवशी आमच्या शाळेतले दिनकरराव मास्तर खिडकीशी आले अन् मोठ्यानं म्हणाले, "काय हो, बोलपटातली ती कावेरी तुमचीच बहीण ना? लय झकास काम केलंय पोरीनं!"

मागं रांग उभी. सगळे माझ्याकडं बघायले. मी म्हणालो, "नाही. माझी बहीण केव्हाच वारली."

पडद्यापलीकडं बायकांचं बोलणं थांबलं. थोड्या वेळानं तोच हात आत आला. पैसे ठेवले, तिकीट घेतलं, गेला.

घरी आईनं माझं ताट वाढलं अन् विचारलं, "सुतक किती दिवसांचं धरू, तेवढं सांग."

मी उठलो नाही, कावेरी. खाली मान घालून सगळं जेवलो. खोटं बोलल्यापेक्षा त्या जेवणाची मला जास्त लाज वाटते.

आई दुसऱ्या दिवशीही आली. त्यानंतर रोजच. आता कीर्तनाचं नाव घेत नव्हती, माझ्याशी बोलतच नव्हती.

शेवटच्या दिवशी किशनराव पेट्या बांधायले होते. मालक, दोन हमाल, तिकीट फाडणारा मुंजाजी, सगळे तिथंच. किशनरावांनी सहज विचारलं, "तेरा दिवस न चुकता आलेलं कुणी आहे का हो?"

"एक आहे," मी म्हणालो. "माझी आई. अन् त्यातली कावेरी माझी बहीण."

मुंजाजी म्हणाला, "पण पंत, तुमी तर त्या दिवशी…"

"खोटं बोललो."

किशनरावांनी खिशातून कागद काढून तुझा आताचा पत्ता लिहून दिला.

अजून एक राहिलंय. तू सिनेमात गेल्यावर पाठवलेली चारही पत्रं मीच न उघडता परत केली होती. आई विचारायची, तेव्हा सांगायचो, ती आपल्याला विसरली. परवा तिला हेही सांगितलं. वाटलं, आता तरी रागावेल. ती एवढंच म्हणाली, "मी तिला तेरा वेळा बघून आले. तिनं मला एकदाही बघितलं नाही. लिही तिला."

म्हणून लिहितोय. मनमाडची गाडी इथं सकाळी पोचते. कळवलंस तर टांगा घेऊन स्टेशनावर येईन. माझ्याशी बोलू नकोस वाटल्यास. घरापर्यंत तुझं सामान तेवढं उचलू दे.

खाली 'तुझा दादा' लिहायला हात धजत नाही.

आपल्या आईचा मुलगा,
दत्तात्रय